बिल्ल्याची कळ

गुरुवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला लॉइड बर्गन वाकला आणि ओरडला, "मेलो!"

"कुठं दुखतंय?" अर्लीननं चुलीवरून नजर न काढता विचारलं.

"पोटरीत. आता नाही दुखत."

"मग ओरडलास कशाला? आणि ती पँट आज तरी धुवायला टाक!"

पँट धुवायची नाही! जानेवारीत मॅनिटोबातल्या त्या गावाच्या कर्लिंग क्लबात लॉइडनं पहिलाच सामना डॉक्टर पेनरविरुद्ध जिंकला, तो याच अस्तराच्या पँटीत. तेव्हापासून बर्फावर दगड सरकवण्याचे आठ सामने त्यानं ओळीनं जिंकले होते. खिशाला भोक पडलं, तरी शिवू दिलं नाही. न जाणो, नशीबच शिवलं जायचं! शनिवारी अंतिम सामना, तोही पेनरशीच. पाच वर्षं पेनरनं त्याच्या तोंडचा घास पळवला होता. आणि नेमकं आत्ता हे पायाचं दुखणं!

गावानं उपाय सुचवले. लॉइडनं केळी खाल्ली, लोणच्याचं पाणी प्यायलं, बायकोची उशी पायाखाली घेतली. कळ आपली येतेच. शेवटी गावातल्या एकुलत्या एक डॉक्टरकडे जावं लागलं. म्हणजे पेनरकडेच.

"कधी येते कळ?"

"दगड सोडायला वाकलो की."

पेनरचा चेहरा उगाच गंभीर झाला. "रविवारपर्यंत विश्रांती घे."

"सामना शनिवारी आहे, लबाडा!"

"मी डॉक्टर म्हणून बोलतोय."

"म्हणून तर भीती वाटते!"

"बरं, वाकून दाखव." लॉइड वाकला, ओरडला. पेनरनं पोटरी दाबली आणि तोही ओरडला. त्याच्या बोटाला रक्त आलं होतं. अस्तर उसवून त्यानं आतून एक पिनेचा बिल्ला काढला.

"अरे, हा तर माझाच!"

सामना संपला की खेळाडू एकमेकांना बिल्ले देतात. जानेवारीतला पेनरचा बिल्ला फाटक्या खिशातून थेट पोटरीपर्यंत उतरला होता. लॉइडला इतका आनंद झाला की त्यानं डॉक्टरला मिठीच मारली. घरी येताच बिल्ला अर्लीनच्या कोटावर लावला.

शनिवारी पाय ठणठणीत होता आणि खेळाचे मात्र बारा वाजले. एक दगड डावीकडे, एक उजवीकडे, एक तर थेट भिंतीला! कसाबसा एका गुणाच्या पिछाडीवर शेवटचा दगड उरला. लॉइड घामाघूम झाला. मग तो काचेपलीकडे बसलेल्या बायकोकडे धावला.

"अर्लीन, बिल्ला दे!"

"वेड लागलंय का तुला?"

"दे गं, पाया पडतो!"

त्यानं बिल्ला पँटीच्या अस्तरात खोचला, पिन आत वळवली आणि वाकला.

"आई गं!"

दगड सुटला, पेनरच्या दगडाला ढकलून मधोमध थांबला. लॉइडचा आधीचा एक दगडही जवळच होता. दोन गुण, सामना लॉइडचा! लॉइड लंगडत नाचला. अर्लीन रडलीसुद्धा, पण ते तिनं मागाहून नाकारलं.

रिवाजाप्रमाणे लॉइडनं आपला बिल्ला पेनरच्या हातावर ठेवला. पेनरनं तो बराच वेळ निरखला. मग कुणी बघत नाही असं पाहून डॉक्टर हळूच खाली वाकला आणि आपल्या पँटीच्या अस्तरात तो खोचू लागला.