रुमालाखालचा भागाकार

"समजलं का?" असं पोरांना विचारायचं नाही, हे पितांबर मास्तर धुळ्याच्या प्रशिक्षण वर्गात शिकून आले. विचारलं की सगळी "हो" म्हणतात. त्याऐवजी पोरांनी बोटं दाखवायची. पक्कं समजलं तर पाच, काहीच नाही तर मूठ. स्वराज्य आलं होतं, आता पद्धतीही नव्या येणारच. मास्तरांना या पद्धतीचं काडीचं कौतुक नव्हतं. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांना होतं, आणि बदलीचा अर्ज त्यांच्याच हातात होता. बायको-मुलं अमळनेरला आणि आपण दोंडाईच्याच्या पलीकडे चुलीपुढे भाकरी थापत बसलेले, याला मास्तर पार विटले होते.

पण गाव पडलं गुरांच्या दलालांचं. बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून करायचा, हे तिथलं पोर चालायच्या आधी शिकतं. मास्तरांनी वर्गात पद्धत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो प्रत्येकाच्या हातावर बापाचा रुमाल.

"हे काय रे, हिलाल?"

"गुरुजी, बोटं उघडी कोन दखाडस? हात घाला."

मास्तरांनी हात घातला. दोन बोटं. भागाकार पुन्हा समजावला. तीन. घसा खरवडून पुन्हा समजावला, तेव्हा चौथं बोट अर्धं उघडलं.

"आता तरी पाच दे ना बाबा!"

"पाच एकदम दिधात ते तुम्ही शिकाडनं बंद करशात."

अशी अख्खी शाळा. संध्याकाळी मास्तरांना चूल फुंकायलाही दम उरत नसे.

अखेर दिपोटीसाहेब आले. त्यांना पाहायला गावही दारात जमलं. साहेबांनी स्वतः भागाकार शिकवला, हौसेनं रुमालाखाली हात घातला आणि दोन बोटांवर अडकले. कोट काढून पुन्हा शिकवलं. तीन.

"साहेब, साडेतीनवर मिटाडी टाका," हिलाल समजुतीनं म्हणाला.

मास्तरांनी डोळे मिटले. अर्ज गेला, एवढंच त्यांना कळलं. पण साहेब घाम पुसत उभे राहिले ते भारावूनच.

"मास्तर, जिल्हाभर फिरलो. खोटं 'हो' न म्हणणारी पोरं इथेच पाहिली! तुम्हाला इथून हलवणं म्हणजे पाप."

"पण साहेब, माझा अर्ज... घरी लहान मुलं आहेत हो."

"अजून पाच वर्षं काढा."

"पाच?" मास्तर जवळजवळ ओरडलेच.

दारातून हिलालचा बाप नथ्थू दलाल पुढे आला. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला.

"साहेब, गुरुजी, वाद कशाले? किती वरीस ते रुमालखालेच ठराई ल्या."

साहेबांना आता या खेळाची गोडी लागली होती. त्यांनी पाच बोटं दाबली. मास्तरांनी विचार केला. फार तर दोन वर्षं निघतील, त्यापुढे जीव राहणार नाही. त्यांनी मुकाट्यानं दोन दाबली. साहेब चारवर आले. मास्तर दोनवरच. पण दिपोटीचा हात तो, त्याला नाही कसं म्हणावं? साहेब तीनवर येताच मास्तरांनीही तिसरं बोट दाबलं आणि नथ्थूनं रुमाल ओढला.

"तीन वरीस! पक्कं!"

सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. साहेब खूश होऊन गाडीत बसले.

मास्तर पायरीवर टेकले. हिलाल शेजारी येऊन बसला आणि त्यांच्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला.

"गुरुजी, तुम्ही पहिले मूठ देवानी व्हती. पहिल्या हातलेच खरं कोन सांगस?"