थडग्याच्या पत्र्याचं पाणी

फुनाफुटी बेटावर पाणी मागायला आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. तशी हिंमत असलेला एकच माणूस होता, सेलूचा नवरा तवीता, आणि तो आता तिथल्या चालीप्रमाणे घराच्या अंगणातच थडग्यात निजला होता. जिवंत असताना रोज संध्याकाळी तो काठीनं पावसाच्या पाण्याची टाकी ठोकायचा, ठक ठक, आणि आवाजावरून आत पाणी किती ते ओळखायचा. कुणी बादली घेऊन आलं की नुसता खोकायचा, तेवढंच पुरे व्हायचं. तो गेला आणि शेजाऱ्यांना रान मोकळं झालं.

यंदा पाऊस लांबला. मुलगी लोसा दवाखान्यातून तान्ह्या बाळाला घेऊन घरी यायची होती, आणि तोवर टाकी आटली तर बाळाला न्हाऊ कशानं घालायचं, या काळजीनं सेलूला घास गिळवेना. जावई सेमूनं डोकं चालवलं. सासऱ्याच्या थडग्यावर पत्र्याचं छप्पर होतं, त्यालाच पन्हळ लावून त्यानं ती टाकीत सोडली. म्हणाला, "मामा नुसतेच पडून आहेत, तेवढाच घराला हातभार."

एक सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी शेजारची फाइवा आली. टाकीचा नळ गंजून बसला होता, म्हणून वरचं झाकण काढून बादली सोडावी लागे. तिनं ती सोडली मात्र, आतून ठक ठक आवाज आला. फाइवा दोर टाकून जी पळाली ती कुंपणापाशीच थांबली. सेलूनं स्वतः बादली हलवून पाहिली. आवाज हुबेहूब तवीताच्या काठीचा होता.

"काकू, रस्ता तुम्हीच करून दिलात की," फाइवा कुंपणाआडून म्हणाली. "छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून टाकीत. आता काका बसलेत राखणीला."

त्या दिवसापासून एकही बादली अंगणात फिरकली नाही. सेलूलाही भीती वाटायची, पण पाणी वाचतंय हेही दिसत होतं. "अहो, मीच आहे," असं पुटपुटत ती ठकठक ऐकून घ्यायची आणि गरजेपुरतं शेंदायची.

पाद्रीबुवांना हे पटेना. चर्चचा माणूस टाकीत जाऊन बसत नाही, असं म्हणत ते मासे धरायची जाळी घेऊन आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी टाकीतून एक नारळ बाहेर काढला. कुणीतरी झाकण उघडं टाकलं होतं, आणि सगळ्यांनी फाइवाकडे पाहिलं. वरच्या माडाचा नारळ आत पडला होता आणि बादलीचा धक्का लागला की टाकीच्या पत्र्यावर आपटत होता. लोक पोट धरून हसले आणि हसून झाल्यावर बादल्या आणायला गेले. दुपारपर्यंत टाकी अर्धी रिकामी झाली.

लोसा उद्या येणार होती. सेलू रडकुंडीला आली. शेवटी तिनं चुलीमागचा एक नारळ उचलला, शिडी चढली आणि झाकण सरकवलं.

"अहो, रागावू नका," ती आत वाकून हळूच म्हणाली. "तुमच्या नावावर खपवतेय. नातवासाठीच आहे."

बादली खाली जमिनीवर होती. आतलं पाणी जराही हलत नव्हतं.

आतून आवाज आला, ठक ठक.

कुंपणापाशी फाइवाची बादली गडगडली आणि पळणारी पावलं वाजली. सेलूनं आपल्या हाताकडे पाहिलं. नारळ अजून हातातच होता.