मुदत अर्ज, परिच्छेद सोळा

अॅड. प्रदीप चुरी यांच्या पालघर येथील कार्यालयात श्रुतलेखन यंत्र बसवण्यात आले, तेव्हा कोणाचेही भले किंवा वाईट व्हावे असा हेतू नव्हता. वकील बोलतील आणि यंत्र लिहील, एवढीच साधी योजना होती. यंत्र विकायला बोईसरहून आलेल्या धीरजने ते टेबलावर ठेवले, शेजारी अचूकतेचे प्रमाणपत्र ठेवले आणि सांगितले, "सर, हे एक शब्द सोडणार नाही."

"एकही?" चुरींनी खुशीत विचारले.

"एकही."

हे वाक्य धोक्याची सूचना म्हणून घ्यावे, असे कोणाला सुचले नाही. कोपऱ्यात बसलेल्या नलूताईंना सुचले होते. पण त्यांना कोणी विचारले नाही.

नलूताई गेली बावीस वर्षे चुरींच्या टंकलेखिका. चुरींची मजकूर सांगण्याची एक पद्धत होती. ते येरझाऱ्या घालत सांगत, मधेच फोन घेत, चहावाल्यावर ओरडत, समोरच्या वकिलाचा उद्धार करत आणि शेवटी "पुढचं नेहमीचं" म्हणून हात झटकत. त्यातून नलूताई अर्ज उभा करत. काय लिहायचे हे त्यांच्या बोटांना कळे आणि काय ऐकायचेच नाही हे कानांना. चुरी न वाचता सही करत. बावीस वर्षांत स्वतःच्या नावाचा एकही अर्ज वाचण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, आणि यंत्र आले म्हणून चांगली सवय मोडण्याचे काही कारण नव्हते.

नलूताईंना कामावरून काढले नाही. त्यांना 'ध्वनिशिस्त समन्वयक' अशी बढती दिली. यंत्र खोलीतला प्रत्येक आवाज टिपत असल्याने खोलीत आवाज होऊ न देणे, हे त्यांचे काम. पहिल्या आठवड्यात पंखा बंद झाला. दुसऱ्या आठवड्यात कपबश्या जाऊन कागदी पेले आले. एका खरेदीखतात तीन ठिकाणी 'भोंगा' असे छापून आल्यावर स्टेशनच्या बाजूची खिडकी कायमची लागली. मग पाटी आली: 'पक्षकारांनी बोलू नये. म्हणणे चिठ्ठीवर लिहून द्यावे.' चुरी स्वतःही छापील बोलू लागले आणि बाकीचे बोलणे चिठ्ठ्यांवर आले. चहादेखील चिठ्ठीवर मागवला जाई. अशा रीतीने, लिहिण्याचा त्रास वाचवण्यासाठी आणलेल्या यंत्रासमोर सगळे कार्यालय दिवसभर लिहीत बसू लागले.

या व्यवस्थेत एकच उणीव राहिली. ठकीला लिहिता येत नव्हते.

ठकी वाणगावच्या पलीकडच्या एका पाड्यातली. तिच्या भातशेताकडे जाणारी पिढीजात वाट एका शेडमालकाने भिंत घालून बंद केली होती. वाट मोकळी करून मिळावी, एवढाच तिचा दावा. त्याला चार वर्षे झाली होती आणि एकोणतीस तारखा. पेरणी तोंडावर होती, आणि बैल काही भिंतीवरून उडी मारायला शिकले नव्हते. यंदाही शेत पडीक राहिले तर पडीक शेताला वाट कशाला, असे म्हणायला शेडमालकाचे वकील अंकुश राऊत मोकळेच होते.

तिसाव्या तारखेच्या आदल्या दिवशी चुरी येरझाऱ्या घालत होते. "सबब, पक्षकार तीव्र तापाने आजारी असल्याने सदर कामी मुदत मिळावी."

दारात ठकी उभी होती. नलूताईंनी ओठांवर बोट ठेवले, पाटीकडे दाखवले. ठकीने पाटीकडे पाहिले, मग चुरींकडे.

"कोन आजारी हाय?"

चुरींचा पंधरा दिवसांचा संयम सुटला. "तू."

"मी? मी त सकालपासना दोन टोपल्या भाजी इकली."

"कागदावर आजारी आहेस गं. उद्या तुला यायचं नाही."

"मागल्या टायमाला तुमी आजारी व्हते. त्याच्या आदी तो दुसरा वकील. आता माजा नंबर लागला का?"

"अगं, उद्या सफाळ्याला माझ्या भाचीचा साखरपुडा आहे. राऊत वकीलही जेवायला येतायत. दोघं पंगतीत बसल्यावर केस काय वाढपी चालवणार?"

"मंग मना पन न्या जेवाला. वाट तितंच मागू."

"केस मी वाचलेली नाही, ठकी. तारीख घेतलेली बरी."

"चार वरसांत नाय वाचली? आयका मंग. आजा त्याच वाटंनं जायचा, बा पन त्याच वाटंनं. सरकारी नकाशात वाट हाय, भिंत नाय. यवढाच त कागद हाय, तुमच्याच कपाटात."

"पुढचं नेहमीचं!" चुरींनी हात झटकला.

यंत्राने एकही शब्द सोडला नाही. उलट, न्यायालयीन मसुद्याची खास सोय असल्याने त्याने प्रत्येक वाक्याला परिच्छेद क्रमांक दिला आणि आधी 'की,' लावले. छापून आलेला अर्ज नलूताईंनी वाचला. त्यांचा हात सवयीने पेनाकडे गेला आणि थांबला. समन्वयकाने मसुद्यात कोणताही बदल करू नये, असे त्यांच्या बढतीच्या पत्रात स्पष्ट नमूद होते. ते पत्र त्यांनीच टंकले होते. चुरींनी त्यावर न वाचता सही केली होती, तशी यावरही केली.

दुसऱ्या दिवशी पुकारा झाला. चुरींनी अर्ज पुढे केला आणि घड्याळ पाहिले. न्यायाधीशांनी अर्ज वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"परिच्छेद अकरा. 'की, अगं, उद्या सफाळ्याला माझ्या भाचीचा साखरपुडा आहे.' वकीलसाहेब, सही आपलीच ना?"

चुरींनी सही निरखून पाहिली. "सही माझी आहे, साहेब. मजकूर यंत्राचा आहे."

"यंत्राला भाची आहे?"

राऊत मोठ्याने हसले.

"हसू नका. परिच्छेद बारामध्ये आपणही जेवायला आहात." न्यायाधीशांनी पान उलटले. "परिच्छेद सोळा. 'की, केस मी वाचलेली नाही, ठकी.' माझ्या आजवरच्या नोकरीत मुदतीचं खरं कारण दिलेला हा पहिलाच अर्ज. खोट्या कारणावर मुदत द्यायचा प्रघात आहे. खऱ्या कारणासाठी तशी तरतूद मला कुठे आढळत नाही. अर्ज नामंजूर. चालवा."

चालवायला कोणाचीच तयारी नव्हती. तेव्हा न्यायाधीशांनी परिच्छेद वीस ते बावीस वाचले आणि मागे उभ्या असलेल्या ठकीला विचारले, "हे तुमचं म्हणणं?"

"व्हय. पन मी आजारी नाय."

नकाशा चुरींच्या कपाटातून मागवला. त्यात वाट होती, भिंत नव्हती. राऊतांना नकाशाविरुद्ध काही सांगायचे होते, पण केस त्यांनीही वाचलेली नव्हती. भिंत पाडून आठ दिवसांत वाट मोकळी करावी, असा हुकूम जेवणाच्या सुट्टीआधी झाला. दोन्ही वकील सफाळ्याला शेवटच्या पंगतीला पोचले आणि एकमेकांकडे न बघता जेवले. ठकीची पेरणी वेळेवर झाली.

बातमी पसरायला आठवडा पुरला. पुढच्या सोमवारी चुरींच्या जिन्यावर तेवीस पक्षकार उभे. सगळ्यांची एकच मागणी: आमचा अर्ज यंत्रावर सांगा, यंत्र खरं लिहितं, निकाल लागतो.

चुरी खचले होते, पण वकील होते. त्यांनी जुनी पाटी काढून नवी लावली: 'यंत्रासमोर पक्षकारांनी मोकळेपणाने बोलावे. त्यांचाही शब्द न शब्द न्यायालयात जाईल.'

तेवीस जणांनी पाटी वाचली. त्यांत बांधाचा दगड दर पावसाळ्यात हातभर सरकवणारे होते. वारसांच्या यादीत सख्खी बहीण लिहायची राहून गेलेले दोघे भाऊ होते. भाडेकरू हा पाहुणा आहे असे नऊ वर्षे सांगणाऱ्या एक बाई होत्या. खोलीत अशी शांतता पसरली की ध्वनिशिस्तीचे सर्व उद्देश एका क्षणात सफल झाले. मग एकेकाने निमूट चिठ्ठी उचलली आणि लिहिले: 'माझे काम नलूताईंकडे द्यावे.'

नलूताई पुन्हा टंकलेखिका झाल्या. पंखा सुरू झाला, खिडकी उघडली. यंत्र कपाटावर फडक्याखाली आहे. मधूनच ठकी काकड्या घेऊन येते, इकडेतिकडे बघते आणि विचारते, "तो कुटं गेला? तुमच्यात तोच एकटा बरा वकील व्हता."

त्या तेवीस चिठ्ठ्या नलूताईंच्या खणात जपून ठेवल्या आहेत. त्यांतली एक, वाचकहो, तुमच्या अक्षरातली आहे असे नलूताई म्हणाल्याचे मी येथे कोठेही लिहिलेले नाही.