खुर्ची घाटाला निघाली

कुमारनं आईला घाट दाखवायचं ठरवलं ते टेम्पोची काच पुसताना. असले निर्णय तो नेहमी काहीतरी पुसतानाच घ्यायचा. (शाळा सोडायचा निर्णय त्यानं सातवीत फळा पुसताना घेतला होता, आणि तो अजून बदललेला नव्हता.)

टेम्पो थोरल्या भावाचा, हणमंतचा. हणमंत जूनमध्ये गेला. छातीत कळ आली म्हणाला, ओट्यावर टेकला, तो उठलाच नाही. तेव्हापासून टेम्पो कुमार चालवत होता आणि घरात कुणी कुणावर ओरडत नव्हतं.

आता हे दुसरं जास्त अवघड होतं. कुमारची आई, सखूबाई, पूर्वी बोलायला लागली की त्यांच्या वरव्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्याला ऐकू जायचं. सकाळचा चहा ती "ऊठ मुडद्या" म्हणून द्यायची, रात्रीचं ताट "गीळ मेल्या" म्हणून पुढं सारायची. सगळी माया त्याच दोन-तीन शब्दांत होती. हणमंत गेला आणि ते शब्द तिच्या तोंडातून गेले. आता ती हाक मारायची, "कुमार." नुसतं कुमार. शाळेच्या हजेरीबाहेर त्याला या नावानं कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

गुडघे तर तिचे आधीच गेले होते. खाट ते उंबरा आणि उंबरा ते खाट, एवढाच प्रवास. उंबऱ्यात बसून ती हणमंतच्या मोबाईलवरचा एक फोटो बघत बसायची. वेल्ह्याकडं माल टाकायला गेला की हणमंत केळदच्या पुढं घाटाच्या कड्यावर उभा राहायचा आणि खालच्या कोकणाचा फोटो काढून आणायचा. भात कापणीला लागलं की तुला नेतो, म्हणायचा. त्यावर आई जी शिवी हासडायची ती आता घरात कुणी आठवत नव्हतं, म्हणजे आठवत होतं पण काढत नव्हतं. घाटाचं नावही कुणी घेत नव्हतं, कारण त्याचं नाव मढे घाट. कुमार आपला "केळदच्या पुढं" म्हणायचा.

परवा मात्र आईनं विचारलं, "लई लांबचं दिसतं व्हय रं तिथनं?" जूनपासूनचं तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं हे. कुमारनं काच पुसता पुसता हिशेब केला: फोटो बघून एवढं बोलली, तर प्रत्यक्ष बघून निदान एक शिवी तरी देईल.

वहिनीला, म्हणजे हणमंतच्या नूतनला, त्यानं हा बेत सांगितला. तिनं भाकरी उलटली आणि विचारलं की आत्याबाईंना मोरीपर्यंत न्यायचं तर मधे एकदा टेकावं लागतं, घाटावर कशा नेणार?

"खुर्चीत."

"खुर्ची कोण उचलणार?"

"चौघं."

"चौघं म्हणू नका त्यांच्याम्होरं," नूतन म्हणाली. "आन कोण चौघं?"

"बघू."

सगळी योजना 'बघू' या शब्दावर उभी होती. पण कुमारला ती पक्की वाटत होती. मांडववाल्याकडनं त्यानं हातांची प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिच्या दोन बाजूंना दोन बांबू सुंभानं आवळले, आणि चाचणी म्हणून मित्राला, सोमनाथला, तीत बसवलं. खुर्ची कुरकुरली. सोमनाथ त्याहून जास्त कुरकुरला. चाचणी यशस्वी झाली.

निघायच्या दिवशी चौघांतले दोघं आले. सोमनाथ, आणि दुसरा गेनू. तिसऱ्याला ताप होता. चौथ्याचं त्याच दिवशी लग्न होतं. (त्याला हे आधीपासून माहीत होतं, पण कुमारनं विचारल्यावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं.)

आई टेम्पोत पुढं बसली. नवं लुगडं, हातात हणमंतचा मोबाईल. मार्गासनी गेलं, वेल्हे गेलं, उजव्या अंगाला तोरणा चालत राहिला. आईची मान एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरत होती. कुमारनं ते शुभ मानलं.

केळदच्या पुढं एका वाडीपाशी टेम्पो थांबवावा लागला. पावसानं पुढचा रस्ता खाल्ला होता. तिथून कड्यापर्यंत बांधाबांधानं चालत. खुर्ची उतरवली, आईला बसवलं. वारं बोचरं होतं म्हणून कुमारनं तिला डोक्यावरनं पांढरी चादर लपेटली. कलंडू नये म्हणून पोटाशी टॉवेलनं खुर्चीला बांधलं. पुढची दोन टोकं गेनू आणि सोमनाथनं घेतली, मागची दोन्ही कुमारनं. आणि अशी ती तिघांची मिरवणूक भातखाचरांतून निघाली. यात कुमारला चूक काहीच दिसली नाही.

चूक अशी होती. वरवे पडलं हायवेच्या कडेला. तिथं माणूस आजारी पडलं की फोन करायचा आणि गाडीची वाट बघत नातेवाइकांशी भांडायचं. पण घाटमाथ्याच्या या वाड्यांना रस्ता आला अलीकडं. आजारी माणूस खाली आणायचं ते डोलीतनं. बांबूला घोंगडी बांधायची, आत माणूस, वर चादर. आणि अशी डोली कुणालाही दिसली, मग तो जेवत असो की कापणीत असो, उठून खांदा द्यायचा. आधी खांदा, मग चौकशी. ती कुणाची, कुठल्या आळीची, काही बघायचं नाही. आणि डोलीची दिशा एकच: सडकेकडं.

कुमारची डोली चालली होती उलटी.

दोन खाचरं ओलांडली असतील, तोवर चारी बाजूंनी माणसं विळे टाकून धावत आली. सगळ्यात पुढं एक काटक म्हातारा, चिमाजी. आल्या आल्या त्यानं गेनूच्या खांद्यावरचा बांबू आपल्या खांद्यावर घेतला आणि मग विचारलं, "कवापासनं हाय?"

"काय?"

"तरास."

"गुडघ्याचा? लई वरसं झाली की."

"आन आत्ता आणताय?" चिमाजीनं त्याच्याकडं असं पाहिलं की कुमारला उगीचच गुन्हा केल्यासारखं वाटलं.

तोवर चौघांनी चार टोकं धरली होती आणि खुर्ची जागच्या जागी फिरली होती. कुमार म्हणाला, आम्ही घाट बघायला चाललोय. चिमाजी शेजारच्याला हळूच म्हणाला, पोरगं भांबावलंय. आजारी माणसाच्या घरच्यांचं काही ऐकायचं नाही, हा तिकडचा दुसरा नियम होता. सोमनाथनं समजावून सांगितलं की म्हातारी ठणठणीत आहे, नुसती देखावा बघायला निघालीय. देखावा बघायला डोली, हे कारण त्या वाडीत आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी सोमनाथलाही भांबावलेल्यांत धरलं. गेनूनं काहीच सांगितलं नाही. त्याचा खांदा मोकळा झाला होता आणि तो बांधावर बसून शेंगा खात होता.

चौघं पळायला लागले. बांधावरनं पळायची त्यांना जन्माची सवय, खुर्ची पाण्यावरनं चालल्यासारखी निघाली. मागनं कुमार "अवो, अवो" करत धावला आणि तिसऱ्या बांधावरनं कमरेइतक्या चिखलात गेला. तिकडं वाडीतल्या बाया गोळा झाल्या. एकीनं कांदा फोडून आईच्या नाकाशी धरला, दुसरीनं मीठमोहऱ्या उतरवल्या, तिसरीनं कुणालातरी जीप काढायला पिटाळलं. आई चादरीतनं म्हणत होती, "मला काय झालं न्हाई ओ."

"काय न्हाई व्हनार, आक्का," चिमाजी धीर देत होता. "येल्ह्यात डाक्टर हाय."

चिखलातनं मान वर काढून कुमार बघत होता. आई खुर्चीत मागं वळली होती. ती बघत होती तिकडं माळ जिथं संपत होता तिथं नुसतं आभाळ होतं, आणि ते तिच्यापासनं लांब लांब जात होतं. टेम्पोपासनं इथवर आलेलं सगळं वाया चाललं होतं. ती पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसणार, पुन्हा "कुमार" म्हणणार, आणि पुन्हा घराबाहेर काढायची तर पुढच्या कापणीची वाट बघायची. आणि तिचं वय बघता, पुढच्या कापणीवर कुमार आता भरवसा ठेवत नव्हता.

जीपचं दार उघडलं. आणि आईनं डोक्यावरची चादर ओढून फेकली.

"ठेवा खाली, मुडद्यांनो!"

चौघं जागीच थांबले.

"माझा थोरला ल्योक मला घाट दावणार हुता," ती म्हणाली. "त्याचं दावायचं ऱ्हायलं. आता धाकला दावतोय, तर तुमी मला दवाखाना दावताय व्हय?"

 आईला मग आपल्या तोंडून काय गेलं ते उमगलं असावं, तिनं पदर तोंडाशी धरला. अनोळखी गावातली, कामधाम टाकून आलेली ही माणसं, आणि त्यांना आपण काय म्हणालो. जूनपासून जपून ठेवलेलं तोंड.

चिमाजीनं मात्र खुर्ची अलगद टेकवली, टोपीनं घाम पुसला आणि म्हणाला, "आक्का, मुडदा खांदा देत न्हाई. घेतो. आमी देतोय, मंजी आमी जित्तं हाय."

आईचे खांदे हलायला लागले. ती हसतेय हे कुमारला जरा उशिरा कळलं. ते बघायचा त्याचा सराव सुटला होता.

मग वाडीची चर्चा झाली. म्हातारीला खरंच काही झालेलं नाही, हे कळल्यावर बायांची थोडी निराशा झाली. एकाचं म्हणणं पडलं की भात उभं आहे, ज्याची डोली त्यानं न्यावी. पण चिमाजी म्हणाला की एकदा उचललेली डोली मधेच टाकायची रीत नाही. ती आजवर सडकेला लागायची, आज कड्याला लागेल, एवढंच. खुर्ची पुन्हा फिरली.

आजारी नसलेल्या माणसाचं वजन मात्र लागायला लागलं. मघाशी जी आक्का फुलासारखी होती, तिच्याविषयी आता तक्रारी निघाल्या. एक म्हणाला, घरी काय खातीया. आई म्हणाली, तुजं डोस्कं, नीट धर की मेल्या. दुसऱ्याला ती म्हणाली, पाय बघून टाक, बांधावर माती हाय, तुज्या सासऱ्याची फरशी न्हाई. कुमार मागनं निथळत चालला होता. त्याच्याकडं वळून तिनं विचारलं की म्हशीवानी चिखलात लोळायला एवढं डिझेल जाळून आणलंस का रं मला, मुडद्या. कुमारला इतकं बरं वाटलं की तो पुन्हा घसरला.

कड्यावर पोहोचले, तर समोर काहीच नव्हतं. खाली ढग भरला होता, काठोकाठ. सोनकीची थोडी फुलं राहिली होती, तेवढीच पिवळी. चिमाजी म्हणाला, उघडंल, बसा. आईला खुर्चीतनं काढून कातळावर बसवलं, तिनं चपला काढून खुर्चीत ठेवल्या आणि पाय गार दगडावर पसरले.

बराच वेळ काही झालं नाही. मग ढग एका ठिकाणी फाटला आणि खाली खूप खोलवर कोकण दिसलं. कौलं, एक नदी, एक वाट. आई बघत राहिली. तिनं मोबाईल उघडला नाही.

"हन्मा म्हनला हुता तसंच हाय," ती म्हणाली.

बस, एवढंच. आणि कुमारला रडू फुटलं.

तो जूनपासून रडलेला नव्हता. हणमंतला नेताना चुलत्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरात बाप्या तूच, तू रडायचं नाहीस. ते त्यानं पाळलं होतं. (शाळेनंतर त्यानं पाळलेली ही एकमेव सूचना.) आता जे रडू आलं ते असं मोठं, की समोरच्या डोंगरावरनं त्याचा आवाज माघारी आला आणि दोघं रडतायत असं वाटायला लागलं.  आईनं त्याचा चिखलाचा हात धरून ठेवला. तो थांबेना.

वाडीच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. सकाळपासून जे कोडं पडलं होतं ते त्यांना सुटलं.

"मंजी पेशंट ह्यो हाय," चिमाजी म्हणाला. "आदी सांगायचं न्हाई का?"

त्यांनी कुमारला उचलून खुर्चीत बसवलं आणि पोटाशी टॉवेल बांधला. त्याला नको म्हणायचं होतं, पण उचक्यांतनं शब्द निघेना. आई कातळावरनं म्हणाली, "न्या त्याला. मला घटकाभर बगू द्या. खुर्ची माघारी धाडा." गेनू आणि सोमनाथ तिच्याजवळ राहिले, आणि खुर्ची पळायला लागली.

वाटेत कुमारच्या खिशातला फोन वाजला. पळता पळता चिमाजीनंच तो काढून कानाला लावला. पलीकडं नूतन होती. तिनं विचारलं, आत्याबाई कशा आहेत?

"म्हातारी झ्याक हाय," चिमाजी म्हणाला. "दगडावर बसून समद्यास्नी शिव्या देतीया."

 बोलणं झालं असं वाटून चिमाजी फोन खिशात घालणार, तेवढ्यात नूतननं विचारलं, आणि भावजी?

"त्येला डोलीत घातलाय. रडतोय. हातपाय धड हायती, पर रडं थांबत न्हाई."

"रडू द्या की," नूतन म्हणाली. "पर चालत रडू द्या. पायाला काय धाड भरलीया त्यांच्या?"

चिमाजीला ते पटलं. त्यांनी खुर्ची तिथल्या तिथं, खाचराच्या पाण्यातच टेकवली. टॉवेल सोडला आणि कुमारला उभं केलं, तेव्हा कळलं की तो इतका वेळ आईच्या चपलांवर बसला होता.

खुर्ची आईला आणायला माघारी फिरली. कुमार नाक पुसत खांदा द्यायला पुढं झाला. चिमाजीनं त्याला एका हातानं बाजूला सारलं.

"तू ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "चपला घे."