शर्टाचं दुसरं बटण

कुठे मोजायचं ते कळायला खोडांना रंगाचे पट्टे मारतात ते नवशिक्यांसाठी, असं टेपकाकांचं ठाम मत होतं. वनसंशोधन संस्थेचा नियम असा, की झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा. आणि छातीची उंची म्हणजे टेपकाकांच्या शर्टाचं दुसरं बटण! तीस वर्षं, दर पानगळीनंतर, त्या बटणाच्या रेषेत टेप धरून त्यांनी जुन्या प्लॉटमधला एकेक साग मोजला होता.

ते साग त्यांनीच लावलेले, नोकरीच्या पहिल्या वर्षी. काकू तेव्हा नवी नवरी. डबा घेऊन यायच्या, आणि सावली नव्हती म्हणून दोघं एका छत्रीखाली जेवायची. आता तिथे भर दुपारी हिरवा उजेड असे, तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा. टेपकाका खोडाला कवेत घेऊन टेप फिरवायचे, आणि कवेतून सोडायला जरा वेळच लावायचे.

त्या वर्षी संचालकसाहेबांनी फर्मान काढलं. झाडं वाढायची थांबलीत. यंदा घेर वाढलेला दिसला नाही, तर प्लॉट तोडून तिथे अतिथिगृह. त्यातच टेपकाका सायकलवरून पडले होते आणि कंबर धरली होती. तरी गेले. बटणाच्या रेषेत टेप धरला, आकडा वाचला आणि चष्मा पुसला. चार बोटं वाढ! दुसरा साग, तेच. तिसरा, तेच. म्हातारी झाडं सासुरवाडीला जाऊन आल्यासारखी अंगानं भरली होती.

मग काय विचारता! खत विभाग म्हणाला, आमचं खत. पाणी विभाग म्हणाला, आमचं पाणी. दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. अतिथिगृहाचे नकाशे कपाटावर गेले. साहेबांनी लांबलचक अहवाल वर धाडला, आणि वरचे पाहुणे चमत्कार पाहायला येणार असं ठरलं. त्यांच्यासमोर टेपकाकांनी एक झाड मोजून दाखवायचं होतं. काकूंनाही बोलावणं होतं.

पानं संथ गिरक्या घेत खाली येत होती. टेपकाकांनी खोडाला टेप गुंडाळला. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "फोटो काढतायत. जरा सरळ उभे राहा ना. पडल्यापासून कमान झालीय तुमची."

बायकोचा शब्द. टेपकाका कण्हत सरळ झाले. बटण वर गेलं, बटणामागून टेप वर गेला आणि खोड जिथे निमुळतं होत जातं तिथे जाऊन बसला. पाहुण्यांनी आकडा वाचला, हातातला अहवाल पाहिला.

"पंधरा दिवसांत हे झाड चार बोटं वाळलं कसं?"

संस्थेतल्या तरुण संशोधक मॅडम मोजपट्टीची काठी घेऊन आल्या. त्यांनी जमिनीपासून उंची धरली, झाड मोजलं, जुनी वही पाहिली आणि ओठ दाबून म्हणाल्या, "वाढ नखभर आहे, साहेब. बाकी काका वाकले."

साहेबांचा चेहरा उतरला. टेपकाकांना मात्र स्वतःच्या फजितीचं भानच नव्हतं. त्यांचा हात खोडावर होता.

"नखभर म्हणजे वाढलंच ना, साहेब?"

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं, वर पोचलेल्या अहवालाकडे पाहिलं. "वाढलंच म्हणायचं," ते म्हणाले, आणि प्लॉट वाचला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्रत्येक खोडाला पांढरा पट्टा मारला. रंगाचा डबा धरायला टेपकाकाच होते, नवशिक्यासारखे.

घरी काकू त्यांच्या शर्टाची पुढची बाजू आखूड करत बसल्या होत्या. "तरीच म्हटलं, हा पुढून गुडघ्याला का टेकतोय! त्या पट्ट्यांचा रंग उडाला, तर पहिलं बटण धरा."

"आणि तेही खाली आलं तर?"

काकूंनी दातानं दोरा तोडला. "टोपी आहे ना."