पाळण्याच्या कडीला राउटर

“माणूस कशाला बोलवायचा? मी लावतो!”

हे वाक्य ऐकून घरातल्या तिन्ही माणसांनी चहाचे कप खाली ठेवले. त्या तिघांत खुद्द मुकुंदरावही होते! आपण असं काही बोलू शकतो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

बसणार तरी कसा? पस्तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात इतिहास शिकवला. एवढ्या काळात त्यांनी हातात घेतलेलं सर्वांत जड हत्यार म्हणजे डस्टर. लढाया तोंडपाठ होत्या, पण भिंतीला खिळा म्हणून कधी मारला नव्हता. नवं कॅलेंडर आलं की ते जुन्याच खिळ्यावर जुन्याच्या वर चढायचं. त्या खिळ्यावर आता एकोणीस वर्षं एकावर एक लटकत होती.

“तुम्ही लावणार?” सुमतीबाईंनी विचारलं. “आन मग आमी ऱ्हायचं कुठं?”

सून विनीता मात्र हसली नाही. “मामा, लावा तुम्ही,” ती म्हणाली. “फक्त तीनच्या आत लागू द्या. माझी मुलाखत हाय.”

त्या मुलाखतीसाठीच तर हे सारं चाललं होतं. विनीता रसायनशास्त्रात एम.एस्सी. लग्न होऊन हळ्ळीखेडला आली त्याला चार वर्षं झाली. नवरा नीलेश रोज जवळच्या कोळारच्या कारखान्यात जाई आणि ही घरात बसून अर्ज पाठवी. लातूरच्या एका कॉलेजनं शेवटी तिला मुलाखतीला बोलावलं, तेही लॅपटॉपवर. गेल्या महिन्यात आतल्या खोलीत बसून तिनं ती दिली आणि ऐन उत्तराच्या मध्यात मोबाईलचं नेट अडकलं. तोंड उघडं ठेवलेली विनीता त्या तीन परीक्षकांनी दोन मिनिटं पाहिली! पोरगी हुशार दिसली म्हणून त्यांनी आणखी एक संधी दिली. “पण ही शेवटची हं,” असंही बजावलं.

म्हणून घरात नवीन इंटरनेट आलं. पुढच्या खोलीत बसून मुलाखत द्यावी, तर रस्त्याला लागून खोली. सोयाबीनचे ट्रॅक्टर एक वेळ परवडले, पण समोरच भागम्माची ओसरी. दुपारी तिथं गल्लीतल्या सगळ्या बायका डाळ निवडायला जमायच्या. डाळ पावशेर निवडली जायची आणि माणसं शेकड्यानं!

जोडणी द्यायला आलेल्या गुरुबसवनं आदल्या दिवशीच हात जोडले होते. “सर, तुमच्या भिंती दीड दीड हात रुंद हाईत. सिग्नल आत जायचा न्हाई. घराच्या मधोमध, उंचावर लावा. पर मी ड्रिल मारत न्हाई. फरशीचं छत हाय. फरशी तडकली की लोक माझ्या नावानं बोंबलतेत.” एवढं बोलून त्यानं पुढच्या टेबलावर राउटर ठेवला, पंधरा मीटर जास्तीची वायर गुंडाळून दिली आणि फटफटीवर बसून तो गेला.

मुकुंदरावांनी राउटरबरोबर आलेली पुस्तिका तीनदा वाचली. महत्त्वाच्या वाक्यांखाली पेन्सिलनं रेघा मारल्या. मग ते माजघरात हातोडी घेऊन उभे राहिले.

पहिल्या खिळ्याला भिंतीनं ओंजळभर चुना दिला. दुसऱ्याला पाटीभर. तिसरा खिळा वाकला, उडाला आणि कुठं गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

“राउटर लावायलाव का भिंत पाडायलाव?” सुमतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“अंदाज घेतोय,” मुकुंदराव म्हणाले. आपण उगीच तोंड उघडलं, हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं. घाम पुसायला त्यांनी मान वर केली आणि त्यांना ती दिसली!

कडी! माजघराच्या बरोबर मधोमध, छताच्या तुळईत ठोकलेली लोखंडी कडी. नीलेशचा पाळणा हिलाच टांगला होता. त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून कडी बिचारी रिकामी होती. घराच्या मधोमध! उंचावर! पुस्तिका लिहिणाऱ्यानं जणू हे माजघर बघूनच ती लिहिली होती!

आता कडीला राउटर अडकवायचा कसा? मुकुंदरावांनी सुमतीबाईंची जुनी मऊ इरकल साडी घेतली, दुहेरी केली, स्टुलावर चढून तिची दोन्ही टोकं कडीत ओवली आणि शाळेत स्काउटच्या पोरांना पुस्तकात बघून शिकवलेली गाठ मारली. खाली छान झोळी तयार झाली. तिच्यात राउटर ठेवला, वायर जोडली, इन्व्हर्टरवरून वीज आणली. झोळीच्या आत हिरवे दिवे लुकलुकायला लागले.

“मामा!” आतल्या खोलीतून विनीता ओरडली. “फुल्ल आलंय! एकदम फुल्ल!”

मुकुंदरावांचा ऊर इतका भरून आला की त्यांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला. पासष्टाव्या वर्षी आपण एक वस्तू वर टांगली आणि ती खाली पडली नाही!

दोन वाजता जेवणं आटोपली. सुमतीबाई आडव्या झाल्या. विनीतानं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि ती पुस्तक उघडून बसली. मुकुंदरावांच्या मनात मात्र शंकेचा किडा वळवळायला लागला. गाठ टिकेल ना? त्यांनी झोळीला हळूच एक झोका दिला. टिकली. आणखी एक दिला. टिकली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते झोळीशी वाकले आणि लाडानं म्हणाले, “पडू नको रे बाळा. तेवढी मुलाखत होऊ दे, मग मी तुला खाली घेतो.”

मागून भांडं पडल्याचा आवाज आला.

दारात भागम्मा उभी होती. विरजण मागायला आली होती. तिची वाटी जमिनीवर गरागरा फिरत होती आणि डोळे त्याहून मोठे झाले होते. तिला दिसलं ते एवढंच: पाळण्याची कडी, कडीला झोळी, आणि झोका देणारे मास्तर!

यंत्राला बाळ म्हणताना पकडले गेलेले मुकुंदराव शरमेनं लालबुंद झाले. परक्या बाईशी बोलताना त्यांची जीभ तशीही टाळ्याला चिकटायची. त्यांनी हात जोडले आणि पुटपुटले, “भागम्मा, कृपा करून कुणाला सांगू नका!”

“अय्यो! न्हाई सांगत सर!” भागम्मा म्हणाली आणि वाटी तिथंच टाकून पळाली.

भागम्मानं शब्द पाळला. तिनं फक्त शरणम्माला सांगितलं. शरणम्मानं फक्त गौरम्माला सांगितलं. पावणेतीनपर्यंत हळ्ळीखेडच्या त्या गल्लीत ही गोष्ट माहीत नसलेल्या दोनच बायका उरल्या होत्या, त्या म्हणजे झोपलेल्या सुमतीबाई आणि खुद्द विनीता! मास्तरांच्या सुनेला दिवस गेलेत, ही आनंदाची गोष्ट. पण मास्तरांनी आत्ताच झोळी बांधली आणि रिकामी झोळी हलवायलेत, ही अवलक्षणाची! पुस्तकं वाचून वाचून माणसाला एवढंही कळू नये?

तीन वाजता विनीताची मुलाखत सुरू झाली. तीन वाजून पाच मिनिटांनी सात बायका माजघरात आल्या. हातात नारळ, खण, तांदूळ, कुणाच्या हातात डिंकाचे लाडू.

“श्श!” मुकुंदराव ओठांवर बोट ठेवून धावले. “हळू! सूनबाई आत आहे!”

“ठाव हाय,” भागम्मा कुजबुजली. “पडून ऱ्हायली आसंल. पडू द्या लेकराला. अशा दिवसांत जडच वाटतंय.”

“कसल्या दिवसांत?”

तेवढ्यात सुमतीबाई उठून आल्या. गौरम्मानं त्यांच्या तोंडात लाडू कोंबला आणि कानात बातमी सांगितली. सुमतीबाईंनी लाडू गिळला, झोळीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“चार वर्षं मी देव पाण्यात घालून बसले,” त्या कुजबुजत्या आवाजात कडाडल्या, “आन तिनं तुमाला सांगितलं? मला न्हाई? कामून?”

तेव्हा कुठं मुकुंदरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा! पोरीचं लग्न होऊन चार वर्षं झाली. लग्नात म्हणू नका, बारशात म्हणू नका, जो तो तिला तेच विचारतो. परवा बारशाहून परतल्यावर ती किती वेळ मोरीत नळ सोडून उभी होती, ते त्यांनी पाहिलं होतं. आणि आता तिच्याच सासऱ्यानं, तिच्या मुलाखतीच्या दिवशी, हे वारूळ फोडून ठेवलं!

“अहो, तसं काही नाही—” त्यांनी सुरुवात केली. पण ती कुजबुज कुणाला ऐकूच जाईना. मोठ्यानं बोलावं तर आत मुलाखत चाललेली!

एव्हाना भागम्मा स्टुलावर चढली होती. “बाळ यायच्या आधी रिकामी झोळी बांधत नसतेत, सर. मी सोडते. माझ्या हाताला यश हाय.”

“रिकामी नाही!” मुकुंदराव कसेबसे म्हणाले.

सातही बायका थिजल्या.

“मग आत काय हाय?”

“राउटर!”

पण उशीर झाला होता. पुस्तकात बघून मारलेली गाठ भागम्माच्या एका हिसक्यात सुटली. झोळी कोसळली. मुकुंदराव आयुष्यात पहिल्यांदा झेपावले आणि राउटर त्यांनी वरच्यावर दोन्ही हातांत झेलला! भागम्मा खाली उतरली, मुकुंदराव स्टुलावर चढले आणि राउटर डोक्यावर उंच धरून उभे राहिले. घराच्या मधोमध. उंचावर.

“दिवे लागलेत का?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“लागलेत,” शरणम्मा म्हणाली. “येक लाल बी लागलाय.”

“लाल?” मुकुंदरावांनी विचार केला. मुलाखत रंगात आली असावी.

मग त्यांनी कुजबुजत सगळं सांगितलं. मुलाखत. शेवटची संधी. रुंद भिंती. बायकांनी ऐकलं आणि एकेक करून खाली बसल्या. भागम्मानं स्टूल घट्ट धरलं. “हलू नका सर,” ती म्हणाली. “आमी बसलाव. पोरीचं काम होऊ द्या.” आणि हळ्ळीखेडात कधी घडलं नव्हतं ते घडलं. सात बायका एका जागी पंचवीस मिनिटं गप्प बसल्या! कुणाला खोकला आला तर ती तोंडात लाडू घालायची. मुकुंदरावांचे हात आधी दुखले, मग बधिर झाले, मग ते आपले आहेत की दुसऱ्याचे हेही कळेना. पण ते हलले नाहीत. पोरीचं एवढं झालं की पुढं ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सगळ्यांच्या नजरा आतल्या खोलीच्या बंद दारावर खिळल्या होत्या.

आणि विनीता पुढच्या दारानं घरात आली!

काखेत लॅपटॉप, कपाळावर घाम, पदराला तुरीचा भुसा. माजघरातलं दृश्य बघून ती जागच्या जागी थांबली. स्टुलावर सासरे, डोक्यावर राउटर, भोवती सात बायका, नारळ, खण, आणि कोपऱ्यात डोळे पुसणारी सासू.

“मामा? हे काय करायलाव?”

“तू... तू आत नव्हतीस?” मुकुंदरावांच्या तोंडून एवढंच निघालं.

“दहा मिनिटांतच नेट गेलं की! मी तशीच लॅपटॉप उचलून खोलीच्या मागच्या दारानं पळाले. म्हटलं भागम्मांकडं नेट हाय, तिथं जावं. बघते तर ओसरीवर चिटपाखरू न्हाई! एवढी शांतता मी चार वर्षांत ऐकली न्हाई. त्यांच्या मालकांनी, माणिकप्पांनी, नेटचा पासवर्ड दिला आन मुलाखत पुरी झाली. एक तारखेपासून या म्हणाले, मामा! झालं माझं काम!”

मुकुंदरावांनी मान वर करून राउटरकडं पाहिलं. नेटच्या वायरचं टोक केव्हाच निसटून त्यांच्या कानाशी लोंबत होतं. पंचवीस मिनिटं ते नुसताच एक डबा धरून उभे होते!

“पर ह्या सगळ्या कामून आल्यात?” विनीतानं विचारलं.

मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले. शेवटी भागम्मानंच पदर सावरून जे होतं ते सगळं सांगून टाकलं. कडी, झोळी, झोका, “बाळा” आणि “कुणाला सांगू नका”.

मग विनीताच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. मुकुंदरावांना वाटलं, रडली! त्यांनी घाबरून डोळे उघडले. विनीता हसत होती. भिंतीला टेकली, खाली बसली, पोट धरून हसायला लागली. तिचं बघून गौरम्मा हसली, मग सातीजणी, मग लाडवाचा ठसका लागेपर्यंत सुमतीबाईसुद्धा.

हसून दमल्यावर तिनं डोळे पुसले. “भागम्मा, ह्या गावात मला त्ये सगळ्यांनी विचारलंय. सोयरे, शेजारी, बांगड्या विकणाऱ्या बाईनंसुदिक. एकट्या मामांनी कधी विचारलं न्हाई. आता त्यांच्याच नावानं ही बातमी उठावी!”

छातीवरचा मोठा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मुकुंदरावांना झालं. तेवढ्यात भागम्मानं ओटीचं ताट पुढं केलं. “आणलेली ओटी माघारी न्येत न्हाईत. नोकरीची म्हणून भरते. आन पुन्यांदा त्ये इचारणार न्हाई, बस्स!”

बायका गेल्या. दोघींनी मिळून मुकुंदरावांना स्टुलावरून उतरवलं. हात खाली यायला मात्र आणखी बराच वेळ लागला. सुमतीबाई तेल चोळत होत्या, तेव्हा मुकुंदरावांनी भीत भीत मनातली एक शंका विचारली.

“माणिकप्पांनी त्यांचा राउटर कसा लावलाय गं? भिंतीला, का छताला?”

“लावलाय कसला?” विनीता म्हणाली. “तुरीच्या पोत्यावर ठिवलाय. शेजारच्या पोत्यावर बसूनच तर मी मुलाखत दिली.”

सुमतीबाईंनी हातावरचं तेल पदराला पुसलं.

“आपल्याकडं तुरीचं पोतं न्हाई,” त्या म्हणाल्या. “ज्वारीचं हाय. चालंल का?”

“विचारून सांगतो,” मुकुंदराव म्हणाले.