दौलत मिस्त्रींचा पखवाज

दौलत मिस्त्री पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा बसले नाहीत, चहालाही नको म्हणाले. पिशवीतून त्यांनी हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढला, त्याचं टोक माझ्या जुन्या पायपेटीच्या लाकडावर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर दाबून धरली. मग डोळे मिटून म्हणाले, "मॅडम, सा दाबा."

मी पायाने भाता हलवत सा दाबला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. डॉक्टर छाती तपासतात, अगदी तसे.

"हिचं बेअरिंग गेलं."

"अहो, पेटीला बेअरिंग नसतं."

"मंग सुराचं गेलं असन," ते म्हणाले आणि पेटी उघडायला बसले.

इरा, तू मागच्या महिन्यात फोनवर सांगितलंस ना, की तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये तीनशे वर्षांपूर्वीचं देवाचं संगीत ऐकलं, आणि सगळी वाद्यंही त्याच काळातली, तारासुद्धा आतड्याच्या? आणि निनादने मागून विचारलं, "आजी, भंडाऱ्यात असं काही असतं का?" असतं. माझ्या कुंपणाच्या पलीकडेच असतं. त्यांचं नाव दौलत मिस्त्री, आणि तुम्हा दोघांसाठी मी हे नीट बसून लिहिते आहे.

मिस्त्री म्हणजे राइस मिलचे मिस्त्री. तुमसर भागात त्यांनी चाळीस वर्षं धान भरडायच्या यंत्रांची देखभाल केली. चालू यंत्राला पेचकस लावून, कानामागच्या हाडाने आतला बिघाड ओळखायचा, ही त्यांची विद्या. निवृत्त झाल्यावर नवराबायको भंडाऱ्यात राहायला आली. शेती सिहोऱ्याजवळच्या गावी भावाकडे. तिथे तलावाच्या पाळीवर एक राममंदिर आहे आणि त्या मंदिरात मिस्त्रींच्या आजोबांनी बसवलेली पदं आहेत. मार्गशीर्षात, धान घरी आलं की एका सकाळी ती म्हणायची. आजोबांच्या वेळी जी वाद्यं होती त्याच वाद्यांवर म्हणायची, असा मिस्त्रींचा कायदा. तंबोरा, दिलरुबा, पायपेटी, पखवाज, टाळ. पायपेटी भंडाऱ्यात एकच उरली होती आणि ती माझ्याकडे होती. मी शिकवत होते त्या शाळेने प्रार्थनेसाठी विजेचा कीबोर्ड आणला तेव्हा मी ती घरी आणली होती. तिच्यासोबत मीही मंडळात दाखल झाले, कारण भाता हलवायला पाय लागतात.

पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. ही कणीक मिस्त्री माझ्याकडून नेतात. स्वतःच्या घरची, बायकोच्या हातची चालत नाही. "कौसल्याचा हात नरम हाय. तिची कणीक पोळीले चांगली. तुमची कडक असते, पखवाजाले बराबर." माझ्या पोळ्यांवर इतकं स्पष्ट मत तुमच्या आजोबांनीही कधी दिलं नव्हतं.

टाळ घ्यायला मी त्यांच्याबरोबर पितळी भांड्यांच्या बाजारात गेले आणि पस्तावले. दुकानातली एकेक जोडी वाजवून ते तिला पेचकस लावत होते. दुकानासमोर गर्दी जमली. एका ऑटोवाल्याने ऑटो बंद करून पाहायला सुरुवात केली. शेवटी दुकानदार म्हणाला, "काकाजी, घ्याचे हायेत का नुसते तपासाचे हायेत?"

"तुह्या टाळात जीव कुठं हाय, बापू? हे तं डब्याचे झाकणं हायेत."

मग त्यांची नजर दुकानदाराच्या गल्ल्याकडे गेली. तिथे कागद उडू नयेत म्हणून एक काळवंडलेली जोडी ठेवलेली होती. तीच त्यांनी घेतली. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी कागदांवर काय ठेवलं, कोण जाणे.

संगीताची भाषा त्यांना येत नाही असं नाही, पण ते मिलची वापरतात. कोणाचा ताल सुटला की "पट्टा घसरला". आवाज बसला असेल तर "आज कोंडा लय हाय". आमचा दिलरुबा वाजवणारे निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांनी एकदा हौसेने मध्येच दोन ताना घेतल्या. मिस्त्रींनी पखवाज थांबवला. "पोस्टमनसाहेब, तांदूळ द्या जी. कनकी काहून देऊन राहिले?" कनकी म्हणजे भरडताना तुटलेले तांदळाचे तुकडे. पोस्टमन दोन दिवस आले नाहीत.

लाउडस्पीकर मंदिरात वर्ज्य. "भोंग्यातून येते थो आवाज, हवा असते नुसती. लाकडातून येते थे गाणं."

या सगळ्या मंडळात ते एका माणसाला काही बोलत नसत, आणि ते माणूस म्हणजे त्यांची बायको. कौसल्याबाई पदं म्हणतात. त्यांनी कोणाकडे शिकून काही केलं नाही, सासऱ्यांच्या तोंडून ऐकून सगळी पदं उचलली. पहिलं पद सर्वांत अवघड. त्याची पहिली ओळ त्या तालाशिवाय, मनाला येईल तितकी लांबवतात. तेवढा वेळ पखवाज गप्प. शेवटी 'रघुनाथा' हा शब्द येतो, आणि त्यातल्या 'ना'वर पखवाजाची थाप पडायला हवी. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही. खूण कोणी करायची नाही. गाणारीचा आवाजच खूण.

मागच्या वर्षी ती थाप उशिरा पडली. कौसल्याबाई 'रघुनाथा' म्हणून थांबल्या, मंदिर शांत झालं, आणि मग पखवाज वाजला. दुसऱ्या पदालाही तेच. मंदिर समितीचे अध्यक्ष मोरेश्वरजी हे मिस्त्रींचे लहानपणचे मित्र, म्हणून हसून बोलले, पण बोलले. "दौलत, आता बुढा झालास लेका. पुढच्या साली एक बार पाहू. नाही जमलं तं कीबोर्डवाल्या पोट्ट्यांचं मंडळ हाय. त्यांचे स्पीकर बी मोठे हायेत."

मिस्त्रींनी पखवाजाची कणीक खरवडून काढली आणि तो गवसणीत घातला.

या वर्षी आम्ही दिवाळीपासून माझ्या घरी सराव धरला. मी वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. आणि नवल म्हणजे माझ्या खोलीत मिस्त्रींची थाप एकदाही चुकली नाही. मला वाटलं, मागच्या वर्षी फक्त घाबरले असतील.

मग एका दुपारी कौसल्याबाईंना ओळ म्हणता म्हणता खोकला आला. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि पदराआडूनच 'रघुनाथा' पुरं केलं. थाप पडली नाही. मिस्त्री हात वर धरून त्यांच्या पदराकडे पाहत बसले होते.

मी वर्गात तीस वर्षं घालवली आहेत. ज्या मुलाला कमी ऐकू येतं ते वहीत डोकं घालत नाही, ते बाईंच्या ओठांवरची नजर काढत नाही. मिस्त्री माझ्या खोलीत बायकोच्या समोर बसत आणि तिचे ओठ पाहून वाजवत. मंदिरात गाणारी देवाकडे तोंड करून बसते आणि पखवाजवाला तिच्या मागे. तिथे त्यांना दिसत होती ती फक्त तिची पाठ.

मिस्त्री पखवाज घेऊन घरी गेले तेव्हा मी कौसल्याबाईंना थांबवलं. काय विचारायचं ते मनात नीट जुळवत होते, तोवर त्याच म्हणाल्या, "तुमाले समजलं वाटते."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"दोन साल झाले जी. मिलनं कान खाल्ले त्याहीचे. पेचकस लावते तेवढंच समजते. बुढ्याले वाटते, मले मालूम नाही."

"मग बोलत का नाही?"

"बोललो तं थो पखवाज खाली ठेवन. म्हणन, मले ऐकू नाही येत तं मी कायले वाजवू? अन् त्याहीले वाटते, मले समजलं तं मी गाणं सोडन. कोनासाठी म्हणू मंग?" त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि हसल्या. "म्हणून दोघंबी चूप."

मी शिस्तीने उपाय सुचवले. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, म्हटलं, तर त्या म्हणाल्या, जाऊ, पण मंदिरातली ती सकाळ झाल्यावर. आधी नाव काढलं तर ते गावाला येणारच नाहीत. मी टाळ वाजवून खूण करते, म्हटलं, तर त्या म्हणाल्या, आजोबांच्या पदात खूण चालत नाही. मी त्यांना आडवं बसायचं सुचवलं. त्या म्हणाल्या, देवाकडे तोंड करूनच म्हणायचं असतं. माझे उपाय संपले.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी आम्ही एस.टी.ने सिहोऱ्याला आणि पुढे गावाला गेलो. तलावावर धुकं होतं. मंदिर भरलं होतं. मोरेश्वरजी खांबाला टेकून उभे होते आणि त्यांच्या शेजारी कीबोर्डवाल्या मंडळाची दोन माणसं हातांची घडी घालून. मिस्त्रींनी तंबोरा लावला, पेटी तपासली, पखवाजावर कणीक थापली. कणीक दोनदा निसटली.

कौसल्याबाई देवासमोर बसल्या. मिस्त्री नेहमीसारखे त्यांच्या मागे, चार हातांवर. मी सा धरला.

कौसल्याबाईंनी गायला सुरुवात केली नाही. त्या मागे वळून म्हणाल्या, "इकडं सरका."

मिस्त्रींना तिचे ओठ हललेले दिसले. "काय?"

"सरका म्हणतो. तोंड तिकडं करा. पाठ टेका माह्या पाठीले."

मंदिरात कुजबुज झाली. मिस्त्री तिच्याकडे नुसते पाहत राहिले. तिला कधीपासून माहीत आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. चेहरा आधी रागावला, मग लहान मुलाचा पकडल्यावर होतो तसा झाला.

"दौलत, देवाकडं पाठ करून बसतं का रे?" मोरेश्वरजी म्हणाले.

"त्याहीची पाठ माह्याकडं हाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "देवाकडं माहं तोंड हाय. बस झालं तेवढं."

कोणीतरी हसलं, पण हसू चांगलं होतं. मिस्त्री पखवाज ओढत सरकले, दाराकडे तोंड करून बसले आणि अगदी हळू, जणू चुलीला टेकत असावेत तसे, बायकोच्या पाठीला टेकले. चारचौघांत असं बसलेलं जोडपं त्या गावाने पहिल्यांदाच पाहिलं असेल. मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तिने सुरुवात केली. ओळ लांबवली, खाली आणली, पुन्हा वर नेली. मुद्दाम लांबवत होती, असं मला वाटलं. पेटीला पेचकस लावताना मिटतात तसे मिस्त्रींनी डोळे मिटले. त्यांचे हात पखवाजावर तरंगत होते. 'रघु' आलं. माझा पाय भात्यावर थबकला. 'ना' आला आणि थाप पडली, बरोबर त्याच्यावर, एवढी भरीव की गाभाऱ्यातली समई हलल्यासारखी वाटली.

पद संपलं तेव्हा मोरेश्वरजी खांब सोडून खाली, सतरंजीवर येऊन बसले होते. कीबोर्डवाले दोघेही बसले होते.

मी पुढच्या पदासाठी पेटीवर सा धरला, पण मिस्त्री तसेच टेकून होते. डोळे उघडले नव्हते.

"कौसल्या," ते म्हणाले, "तुहा आवाज जड झाला."

"दोन साल झाले," ती देवाकडे पाहतच म्हणाली. "सर्दीत उतरला, मंग चढलाच नाही."

"कोनं सांगतलं नाही मले."

"खराब लागते का?"

मिस्त्रींनी नाही म्हणून डोकं हलवलं. ते तिला दिसलं नाही, पण पाठीला कळलं असेल.

"अखीन एक म्हण," ते म्हणाले.